तांबडीची नोंद कुठल्या वहीत करायची?

पत्राचा गोषवारा : सिन्नर तालुक्यातल्या धनगर कुटुंबातला हा वाचक. वय २९, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी, राहणं सिडकोत. वडील, म्हणजे आबा, आणि चुलते अजून मेंढरांमागे असतात. सव्वादोनशे मेंढरं, दोन घोडी, सहा कुत्री. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा मुक्काम, घोटी-इगतपुरीच्या भातखाचरांकडे सरकतो, पावसाच्या तोंडावर परत येतो. याने कुत्र्यांचे फोटो मोबाइलवर टाकले. ते पाहून श्वानप्रदर्शनांत वावरणाऱ्या एका गृहस्थांनी संपर्क केला. त्यांचं म्हणणं, ही अस्सल जात आहे, पण कागदावर नसल्यामुळे तिला किंमत नाही. एका रंगाची, एका उंचीची कुत्री निवडायची, काळ्या नावाचा देखणा नर सगळ्या माद्यांना लावायचा, बाकीची बाजूला काढायची आणि चार-पाच वर्षांत जातीला मान्यता मिळवायची. मग एकेका पिल्लाचे वीस हजार येतील. बाजूला काढायच्या कुत्र्यांत तांबडी पहिली आहे. तिचा एक कान बिबट्याने फाडलाय आणि तिचं माप कुणाशीच जुळत नाही. ती सध्या गाभण आहे. आबांनी विषय एका वाक्यात मिटवला : "कागद बघून लांडगा माघारी फिरत नाही." तेव्हापासून दोन महिने बापलेकांत धड बोलणं नाही. वाचक विचारतो, मान्यतेमुळे जात टिकेल, घरात चार पैसे येतील, मग यात चूक काय? आणि आबांना कसं समजावू?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचून आधी वाटलं, तांबडीला एकदा बघून यावं. नोकरीची बरीच वर्षं मी सिन्नर-निफाडकडच्या गुरांच्या दवाखान्यांत काढली. फाटक्या कानाची, गळ्यावर दात लागलेली अशी कुत्री टाके घालून मी परत वाड्यावर पाठवलेली आहेत. त्यांतली एक अजून डोळ्यांसमोर आहे.

पांढुर्लीच्या पुढे एका वावरात वाडा बसला होता. मेंढी अडली म्हणून रात्री बोलावणं आलं. कोकरू सुटलं, हात धुतले आणि चहा होईपर्यंत मी तिथेच बसले. वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत मेंढरं रवंथ करत होती, माणसं शेकोटीपाशी होती आणि कुत्री शेकोटीपासून लांब, ओढ्याकडे तोंड करून एकटीच पडली होती. थंडी मरणाची. मी आले तेव्हा ती दोनदा भुंकली होती, मालक "असू दे गं" म्हणाल्यावर गप्प झाली. मधेच ती उठली, मेंढरांना वळसा घातला आणि पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पडली. हिला काय झालं, असं मी विचारलं. म्हातारे मेंढके विडी पेटवता पेटवता म्हणाले, "वारा फिरला." मला तो फिरलेला कळलाही नव्हता.

आता त्या गृहस्थांनी सांगितलेली पद्धत या कुत्रीला लावून बघा. खांद्यापर्यंतची उंची मोजता येते, कान उभे की पडके ते दिसतं, रंग दिसतो, शेपटीचा बाक दिसतो. वारा फिरल्यावर जागा बदलणं दिवसाउजेडी प्रदर्शनाच्या रिंगणात दिसत नाही. जे दिसतं त्यावरच निवड होत गेली, की न दिसणारं गळून जातं. ते कुणी मुद्दाम काढून टाकत नाही, त्याची निवड करायला कुणी उरत नाही, एवढंच. त्या गृहस्थांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण त्यांच्या पद्धतीत तांबडी पहिल्याच दिवशी बाद होते, आणि माझ्या मते प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

तुमच्या पत्रात 'मान्यता' हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजले, कारण प्रत्येक वेळी त्याचा अर्थ थोडा निराळा होता. कुठे त्याचा अर्थ प्रदर्शनातलं स्थान असा आहे, कुठे सरकारदरबारी नोंद, कुठे पिल्लाचा भाव. आणि एका ठिकाणी, बहुधा तुमच्याही नकळत, आबांच्या आयुष्याला कुणीतरी मोठं म्हणावं ही इच्छा. हे सगळं एका कागदाने मिळेल असं धरून चालू नका.

केनेल क्लब म्हणजे कुत्र्यांच्या जाती आणि वंशावळी नोंदणारी संस्था. तिच्या कागदाचं आधी बोलू. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब सुरू झाला. त्याच वर्षी वेल्समधल्या बाला गावी मेंढरं वळणाऱ्या कुत्र्यांची चाचणी भरली. एकीकडे रूपाची नोंद, दुसरीकडे कामाची, आणि दोन्ही एकाच वर्षी. कामवाल्या मंडळींनी १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटी काढली. आज जगभर माहीत असलेली बॉर्डर कॉली त्यांच्याच वहीतून पुढे आली. त्या वहीची एक गोष्ट मला फार आवडते. ज्याचे आईबाप नोंदलेले नाहीत असं कुत्रंही गुणांवर तिच्यात येऊ शकतं. मेंढरांवर काम करून दाखवायचं, डोळ्यांची तपासणी करून घ्यायची, मग नाव चढतं. दार बंद नाही. कान कसे आहेत, हे कुणी विचारत नाही.

पुढे अमेरिकन केनेल क्लबने बॉर्डर कॉलीला पूर्ण मान्यता द्यायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या मेंढरांवर काम करणाऱ्या कुत्र्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. ही माणसं या कुत्र्यावर जीव टाकणारी होती, आणि विरोध त्यांचाच होता. १९९५ मध्ये मान्यता झालीच. तेव्हापासून तिथे एकाच नावाच्या दोन धारा आहेत, एक रिंगणाची आणि एक रानाची. ज्याला मेंढरं वळायची आहेत तो रानाच्या वहीतलंच पिल्लू शोधतो. ब्रिटनच्या केनेल क्लबने थोडी काळजी घेतली. तिथे नुसत्या दिसण्यावर बॉर्डर कॉलीला 'शो चॅम्पियन' म्हणतात. पूर्ण 'चॅम्पियन' व्हायचं तर मेंढरांवरची चाचणी द्यावी लागते.

असं असेल तर कामाची अट घालूनच मान्यता घेऊ, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे ज्याला लोक अल्सेशियन म्हणत, त्या जर्मन शेफर्डची सुरुवात तशीच झाली. माक्स फॉन श्टेफानित्स या माणसाने १८९९ मध्ये त्याची संघटना उभी केली, ती मेंढपाळांची कुत्री बघून आणि काम हाच निकष ठेवून. तरीही पुढे प्रदर्शनाची घराणी आणि कामाची घराणी वेगळी झालीच. नियम चांगला होता, पण बक्षीस रिंगणात मिळत होतं. माणसं बक्षिसाच्या मागे जातात, तुम्ही-मीही गेलो असतो.

काळ्याबद्दल मात्र मी ठामपणे सांगते : एकच नर सगळ्या माद्यांना लावू नका. पशुवैद्य म्हणून मला हे सगळ्यात काळजीचं वाटलं. पुढच्या वेताची सगळी पिल्लं एकमेकांची सावत्र भावंडं होतील. त्यांची आपसात जोडी लावली तर होणाऱ्या पिल्लात एकाच पूर्वजाचं जनुक आई आणि बाप दोघांकडून येण्याची शक्यता साडेबारा टक्के असते. बाप-लेकीच्या जोडीत ती पंचवीस टक्क्यांवर जाते. रूप एकसारखं होईल यात शंका नाही, पण लपलेले दोषही तितकेच पक्के होतील. डाल्मेशियन, म्हणजे ठिपक्यांचं कुत्रं, तुम्ही पाहिलं असेल. त्या जातीच्या नोंदवहीतल्या कुत्र्यांत लघवीत यूरिक आम्ल जास्त जाण्याचा दोष इतका पसरला, की निरोगी जनुक वहीत उरलंच नाही. १९७३ मध्ये एका अमेरिकी संशोधकाने पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर करून ते जनुक परत आणलं. पुढच्या पिढ्यांतली पिल्लं ठिपक्यांची झाली, निरोगी झाली, पण बाहेरचं रक्त आलं म्हणून अमेरिकन केनेल क्लबच्या वहीत त्या वंशाला कायमची जागा मिळायला २०११ उजाडलं. अडतीस वर्षं. बंद वहीचं दार पुन्हा उघडणं किती अवघड असतं, ते यावरून लक्षात घ्या.

तुमच्या कुत्र्यांचं आजवर असं झालं नाही, कारण वाडा फिरता राहिला. सिन्नरची मादी घोटीकडच्या वाड्यावरच्या नराला भेटली, तिचं पिल्लू पाहुण्यांनी संगमनेरकडे नेलं. रंग शंभर झाले, पण अंग काटक राहिलं. आबा पिल्लू निवडताना रंग बघत नाहीत, त्याची आई बघतात, असं तुम्हीच लिहिलंय. ही पैदाशीचीच पद्धत आहे. तिला पुस्तक नाही म्हणून ती अडाणी ठरत नाही.

म्हणजे आबा पूर्ण बरोबर आणि तुम्ही चूक, असं मी म्हणणार नाही. आबांचं वाक्य खरं आहे, पण ते लांडग्यापुरतं आहे. लांडग्याखेरीजही धोके आहेत. पार्व्हो या विषाणूच्या आजाराने एका पावसाळ्यात वेतच्या वेत जातात. गावाकडच्या मोकाट कुत्र्यांत रक्त मिसळत जातं. तुमच्यासारखी मुलं अंबडला, सातपूरला कामाला लागतात, त्यामुळे कुठली मादी कुणाची, कुणाची आजी बिबट्याला भिडली होती, हे सगळं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यानंतर विचारायला कुणी राहत नाही. तुम्हाला वाटणारी भीती खरी आहे. तुम्ही शोधलेलं औषध मात्र दुसऱ्या दुखण्यावरचं आहे.

सरकारी नोंद ही आणखी वेगळी गोष्ट. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्यांच्या देशी जातींची नोंद तिथे होते. राजपालयम, चिप्पिपराई आणि मुधोळ या कुत्र्यांच्या जाती तिथे नोंदल्या गेल्या, आणि २०२५ मध्ये हिमाचलच्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्याचीही नोंद झाली. गद्दी कुत्रं तुमच्यासारख्याच लोकांचं, बर्फातल्या वाटांवर मेंढरांची राखण करणारं. ही नोंद एकेका कुत्र्याची वंशावळ नसते. एका प्रदेशातल्या, एका कामाच्या, एका समाजाने सांभाळलेल्या सगळ्या कळपाचं ते वर्णन असतं. संख्या किती, मुलूख कुठला, मापांचा पल्ला केवढा, काम काय, सांभाळणारे कोण. मापांचा पल्ला म्हणजे लहानात लहान ते मोठ्यात मोठं. त्यात तांबडीही बसते. मान्यतेच्या वाटेला जायचंच असेल, तर मला ही वाट बरी वाटते. ती एकट्याने चालायची नाही. राज्याचा पशुसंवर्धन विभाग, नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ आणि निरनिराळ्या तालुक्यांतले वाडे एकत्र आल्याशिवाय ते काम उभं राहत नाही, आणि त्याला वर्षं लागतात.

पण तिथेही आशा बेताची ठेवा. आपल्याच जिल्ह्यातली डांगी गाय बघा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तग धरणारी, अंगावर तेलकट थर असणारी, भातखाचरात खूर न सडणारी. तिची नोंद आहे, नाव आहे, प्रदर्शनं भरतात. तरी गोठ्यात डांगी ठेवायची की नाही हे शेतकरी ठरवतो ते खाचरात तिच्या बैलाचं काम उरलंय का ते बघून. तुमच्या कुत्र्यांचंही तसंच होणार. मेंढरं फिरत राहिली, चराईला रानं मोकळी राहिली, शेतकरी वावरात मेंढरं बसवून घेत राहिले, तर कुत्री राहतील.

वीस हजारांचा हिशोबही मांडू. पैशाची गरज खरी आहे, तिला मी कमी लेखणार नाही. पण एवढे पैसे देऊन पिल्लू नेणार कोण? गंगापूर रोडच्या फ्लॅटमधला हौशी माणूस. राखणीच्या कुत्र्याचं मन तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत घडतं. त्या काळात ते मेंढरांच्या वासात, कोकरांच्या लाथा खात वाढलं, तर मेंढरांना आपलं समजतं. फ्लॅटमध्ये ते रात्रभर भुंकेल, कारण रात्री जागणं त्याच्या रक्तात आहे. सहा महिन्यांत शेजारी तक्रार करतील आणि वर्षभरात ते कुठल्या तरी निवारा केंद्राच्या दारात बांधलेलं सापडेल. इकडे तुमच्या वाड्यावरची चांगली पिल्लं विकली गेलेली असतील. शिवाय २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदास-विक्रीला केंद्राचे नियम आहेत : विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिला लावायचं नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही. त्या गृहस्थांनी यातलं काही सांगितलं का? नसेल तर विचारा.

त्यापेक्षा निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या ऊसपट्ट्यात शेळ्या पाळणारी माणसं बघा. गोदावरी, दारणा, कादवेच्या काठच्या उसात बिबटे राहतात, आणि शेळीवाल्याला रात्रीची खरी भीती आहे. त्याला राखणीचं पिल्लू हवंय. नियमांत राहून, लस टोचून, आठ-दहा आठवडे मेंढरांत वाढलेलं पिल्लू त्याला रास्त किमतीत द्या. वीस हजार येणार नाहीत. पण ते पिल्लू कामाला लागेल, आणि दोन वर्षांनी ते कसं निघालं हे तुम्हाला जाऊन बघता येईल. पैदाशीसाठी ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे.

आता करायचं काय? एक वही घाला. शंभर पानी, पुठ्ठ्याची. एका कुत्र्याला एक पान. नाव, कुणाच्या वाड्यावर जन्मलं, आई कोण, बाप माहीत असेल तर तो, नसेल तर 'माहीत नाही' असं स्वच्छ लिहायचं, अंदाज खरा म्हणून लिहायचा नाही. मग काम : रात्री कुठे बसतं, अनोळखी माणसाला काय करतं, मेंढराला कधी दात लावला का, कोकरू मागे राहिलं तर थांबतं का, जनावर आल्यावर पुढे जातं की मागून भुंकतं. जखमा, आजार, लशी. मेलं तर कशाने, आणि कितव्या वर्षी. हा शेवटचा रकाना बहुतेक लोक सोडून देतात आणि नेमका तोच दोष पकडून देतो. दोन्ही बाजूंनी आणि समोरून एकेक फोटो. रेबीजची लस दरवर्षी, तारखेसह. जवळच्या गुरांच्या दवाखान्यात आधी विचारून सगळी कुत्री एकाच दिवशी नेली, तर काम एका खेपेत होतं. पाहुण्यारावळ्यांतल्या आणखी चार वाड्यांनी अशाच वह्या घातल्या, तर तीन-चार वर्षांत तुमच्याकडे असं काही असेल, की विद्यापीठातला माणूस त्यासाठी वावरात येऊन बसेल. उद्या सरकारी नोंदीचा विषय निघाला, तर अर्जात काय लिहायचं ते तुम्ही ठरवाल, रिंगणातलं कुणी नाही.

हेच पत्र थोड्या फरकाने मला याआधीही आलंय, द्राक्षबागेत कारवानी हे शिकारी कुत्रं पाळणाऱ्यांकडून. त्यांच्यासाठी दोन शब्द. या कुत्र्याला केनेल क्लब ऑफ इंडिया कॅरव्हान हाउंड म्हणतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. एकाच कुत्र्याला दोन नावं. तेव्हा कागद घेताना तो कुणाचा आणि कशाचा, हे वाचून घ्या. कारवानीचं जुनं काम सशामागे धावणं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हा आहे, म्हणून 'काम टिकवायचं' या नावाखाली रानात कुत्री सोडू नका. या कुत्र्यांसाठी आईबापाची खातरी देणारा कागद उपयोगी पडू शकतो, पण पिल्लू घेताना कागदाआधी त्याची आई पळताना बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर परत फिरा.

राहिला आबांचा प्रश्न. 'कसं समजावू' असं तुम्ही लिहिलंय. समजावायला जाऊ नका, विचारायला जा. त्या गृहस्थांचं नाव काढू नका, किमतीचंही नाही. मला वाटतं आबांना कागदाचा राग नाही. त्यांच्या सर्वात चांगल्या कुत्रीला त्यांच्याच मुलाने बाहेरच्या माणसाचं ऐकून बाद म्हटलं, हे त्यांना लागलंय. तुमच्या मनात तसं नव्हतं, हे पत्रावरून मला दिसतं. तुम्हाला त्यांचं नाव व्हावं असं वाटत होतं. ते त्यांना सांगा. आमच्या पिढीच्या बापांना मुलं असं काही बोलून दाखवत नाहीत, आणि बापही विचारत नाहीत. एका रविवारी वाड्यावर मुक्कामाला जा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावायचं तर त्यांना सांगून लावा. तांबडीच्या आईपासून सुरुवात करा : ती कुठून आणली, कुणी दिली, काय बघून घेतली. आबा एकदा बोलायला लागले की तुम्हाला थांबवावं लागेल.

आणि तांबडी वाडा हलायच्या आधीच विणार असं दिसतंय. सहा-सात दिवस आधीपासून तिला वाटेवर चालवू नका, कोरड्या जागी गोणपाट टाकून आडोसा करा, पाणी जवळ ठेवा. वहीचं पहिलं पान तिचं करा. तारीख, पिल्लं किती, नर किती, माद्या किती. बाप कोण असावा, ते आबांना विचारा, आणि ते ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत लिहा.